उंदीर, साखळदंड आणि वस्तुसंग्रहालय

२० जुलै १९६७ रोजी वॉशिंग्टन येथे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहापुढे एक लहानसे विधेयक आले होते. शहरांतील गरीब वस्त्यांतून उंदरांचा उपद्रव फार वाढला आहे, त्यांच्या निर्मूलनासाठी दोन वर्षांकरिता चार कोटी डॉलर मंजूर करावेत, अशी अध्यक्ष जॉन्सन यांच्या सरकारची मागणी होती. ज्या देशाचे अंदाजपत्रक अब्जांनी मोजतात, तेथे ही रक्कम किरकोळच म्हणावयाची. परंतु विधेयक चर्चेला घ्यावे की न घ्यावे एवढ्याच मुद्द्यावर सभागृहात हास्याचे फवारे उडाले. नागरी हक्कांना इंग्रजीत 'सिव्हिल राइट्स' म्हणतात. त्यावर कोटी करून हे 'सिव्हिल रॅट्स'चे विधेयक आहे असे म्हटले गेले. त्यापेक्षा मांजरे विकत घेऊन सोडून द्यावीत, अशीही सूचना झाली. मिशिगनच्या सभासद मार्था ग्रिफिथ्स यांनी मात्र उठून सुनावले की, इतिहासातील साऱ्या सेनापतींनी मिळून मारली नसतील इतकी माणसे या प्राण्याने मारली आहेत. त्याचा उपयोग झाला नाही. २०७ विरुद्ध १७६ मतांनी विधेयकावर चर्चा करण्याचेच सभागृहाने नाकारले. न्यूअर्क शहरातील दंगल त्याच आठवड्यात कुठे शमली होती, आणि या हास्यविनोदानंतर तीनच दिवसांनी डेट्रॉइट पेटले. पुढे टीकेचा भडिमार झाल्यावर त्याच वर्षी ही तरतूद दुसऱ्या कायद्याच्या पोटात घालून मान्य करावी लागली, ती गोष्ट निराळी.

श्रोतेहो, वस्तुसंग्रहालयातून सामाजिक न्यायाची चर्चा कशी होऊ लागली, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्याची सुरुवात मी उंदरांपासून केली याचे आपणांस नवल वाटेल. पण या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान त्या उंदरांनीच कुरतडून उघडे केले आहे. ज्या प्रश्नाला देशाच्या सभागृहात हसण्यावारी नेले, त्याच प्रश्नाला त्याच शहरात, अडीच वर्षांच्या आत, एका लहानशा संग्रहालयाने काचेच्या पेटीतील रत्नाइतके महत्त्व दिले. ते का व कसे, हे थोडे तपशिलाने पाहू.

वॉशिंग्टनच्या आग्नेय भागात नदीपलीकडे ॲनाकॉस्टिया नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून स्वतःच्या पायांनी निसटून पुढे गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याचा अग्रणी झालेला फ्रेडरिक डग्लस १८७७ पासून १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत या वस्तीतील एका टेकडीवर राहत होता. मराठी वाचकाला हे नाव अगदी परके वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा आपला ग्रंथ अमेरिकेतील ज्या सज्जनांना अर्पण केला, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणारे लोक होते, आणि त्यांच्या चळवळीत डग्लसचा आवाज फार मोठा होता. डग्लस तेथे राहावयास गेला तेव्हा त्या भागातील घरे कृष्णवर्णीयांना विकू नयेत अशी अट खरेदीखतांतून घातलेली असे. पाऊणशे वर्षांनंतर चित्र उलटे झाले. १९५० नंतर शहराचा नैर्ऋत्य भाग 'सुधारणे'साठी जमीनदोस्त करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली या कारवाईवर शिक्कामोर्तब केले, आणि सुमारे २३ हजार माणसे घराबाहेर पडली. त्यांतील बहुतेक कृष्णवर्णीय व गरीब होती. पुष्कळांनी ॲनाकॉस्टियाचा रस्ता धरला. गोरे कुटुंबीय तेथून उठून उपनगरांत गेले. माणसांची दाटी वाढली, शाळा अपुऱ्या पडल्या, कचरा साठू लागला.

नदीच्या अलीकडे, राजधानीच्या विस्तीर्ण हिरवळीच्या दोहो अंगांना, स्मिथसोनियन संस्थेची भव्य संग्रहालये उभी होती. प्रवेशाला पैसा पडत नव्हता. दरवाजे सर्वांना सारखेच उघडे होते. तरीही ॲनाकॉस्टियातील मुले तेथे फारशी फिरकत नसत. येथे समता आणि न्याय यांतील भेद ध्यानी येतो. दार सर्वांना उघडे ठेवणे ही समता झाली खरी. पण ज्याच्या घरापासून त्या दारापर्यंत यायला बसचे भाडे नाही, आणि आल्यावर जेथे आपल्यासारखे कोणी भिंतीवर वा पेटीत दिसत नाही, त्याला त्या उघड्या दाराचा उपयोग काय?

हा विचार संस्थेचे प्रमुख एस. डिलन रिप्ली यांच्या मनात आला. हे रिप्ली म्हणजे पक्षितज्ज्ञ. मुंबईच्या सालिम अलींबरोबर त्यांनी भारत व पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. लोक संग्रहालयाकडे येत नसतील तर संग्रहालयाने लोकांच्या गल्लीत जावे, अशी कल्पना त्यांनी १९६६ मध्ये मांडली. ॲनाकॉस्टियाच्या रहिवाशांनी ती उचलून धरली. कार्व्हर नावाचे एक बंद पडलेले सिनेमागृह मिळाले. खुर्च्या उपटल्या गेल्या, भिंती रंगविल्या गेल्या, शेजारची माणसे हातभार लावायला आली, आणि १५ सप्टेंबर १९६७ रोजी, म्हणजे सभागृहातील त्या हशानंतर दोन महिन्यांच्या आत, ॲनाकॉस्टिया शेजार-संग्रहालय उघडले.

त्याचा संचालक म्हणून जॉन किनार्ड या तिशीतल्या तरुणाची निवड झाली. तो वॉशिंग्टनचाच. धर्मोपदेशक होता, आफ्रिकेत सेवाकार्य करून आला होता, वस्त्यांतून फिरलेला होता. संग्रहालयशास्त्राचा मात्र त्याला गंधही नव्हता. माझ्या मते ही त्या संस्थेच्या दैवाची गोष्ट ठरली. शिकलेला अधिकारी आला असता तर त्याने प्रथम कपाटांची मापे घेतली असती. किनार्डने माणसांशी बोलण्यास आरंभ केला. शिक्षणविभाग झोरा मार्टिन यांच्याकडे आला.

आरंभीच्या वस्तू स्मिथसोनियनच्या कोठारातून आलेल्या होत्या. अवकाशात जाणारी मर्क्युरी कुपी होती, छोटासा प्राणिसंग्रह होता, जोडून पाहता येतील असे हाडांचे सापळे होते. एका कोपऱ्यात १८९० च्या सुमाराचे वाण्याचे दुकान उभारले होते. त्यात कॉफी दळण्याचे यंत्र होते, पाण्याचा हातपंप होता, आणि मुलांनी ती खुशाल चालवून पाहावी अशी मोकळीक होती. 'हात लावू नये' ही पाटी आपल्या परिचयाची आहे; संग्रहालयाची पहिली आठवण म्हणून पुष्कळांच्या मनात तीच पाटी असते. तिच्या अभावी जे घडले ते असे की मुले येऊ लागली, पुन्हा येऊ लागली, आणि बोलू लागली.

त्या बोलण्यातूनच उंदीर निघाले. रात्री उंदीर पाळण्यात चढतात, निजलेल्या पोरांना चावतात, शिधा फस्त करतात, हे मुले सहज सांगत. त्यांना त्यात विशेष काही वाटत नव्हते. वस्तुसंग्रहालयाच्या परंपरागत दृष्टीने हा विषयच नव्हे. उंदीर दुर्मीळ नाही, सुंदर नाही, जुना नाही. किनार्ड आणि त्याचे सहकारी यांनी मात्र त्यावरच प्रदर्शन भरविण्याचे ठरविले. नोव्हेंबर १९६९ मध्ये ते उघडले. 'उंदीर : माणसाने निमंत्रिलेली पीडा' असे त्याचे नाव होते. त्यात जिवंत उंदीर ठेवले होते. उंदराचा इतिहास, त्याच्यामुळे पसरणारे रोग, तो कोठे राहतो, काय खातो, त्याला आवर कसा घालावा, हे सारे तेथे मांडलेले होते.

उंदीर आणि रोग म्हटले की आपल्याकडे १८९६ ची आठवण निघाल्यावाचून राहत नाही. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागातील रोग म्हणजे प्लेगच होय, हे प्रथम ओळखले ते डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरने. उंदराच्या अंगावरील पिसवांतून तो माणसाला होतो, हे पुढे १८९८ मध्ये कराचीस पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले. पण मधल्या काळात पुण्यात काय झाले? सोल्जर घराघरांत शिरले, सामान रस्त्यावर आले, माणसे छावणीत नेली गेली. ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला होता त्यांना चार गोष्टी समजावून सांगाव्यात, त्यांच्या चार ऐकाव्यात, असे रँडच्या कचेरीला वाटले नाही. २२ जून १८९७ च्या रात्री काय घडले ते सर्वश्रुतच आहे. लोकांच्या हिताची गोष्टही त्यांच्याशी न बोलता केली तर ती त्यांना जुलमासारखीच लागते, हा अनुभव आपल्या गाठी आहे. म्हणून ॲनाकॉस्टियाच्या प्रदर्शनातील उंदरांपेक्षाही ते उंदीर तेथे आले कसे, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. ते मुलांच्या तोंडून आले.

प्रदर्शनाच्या नावातील 'निमंत्रिलेली' या शब्दाशी मी थोडा अडखळतो. निमंत्रण दिले कोणी? उघड्यावर खरकटे टाकणाऱ्या भाडेकऱ्याने? भिंतीचे भोक वर्षानुवर्षे न बुजविणाऱ्या घरमालकाने? की ज्या नगरव्यवस्थेची कचरागाडी एका वस्तीत नेमाने जाते आणि दुसरीत मनाला येईल तेव्हा, तिने? केवळ स्वच्छतेचे धडे देऊन थांबले तर सारा दोष गरिबाच्या माथी बसतो. केवळ व्यवस्थेला शिव्या देऊन थांबले तर घरी जाऊन काय करावे हे मुलाला कळत नाही. शिक्षकाची कसोटी या दोहोंच्या मध्ये लागते. एकाच शहरातील दोन वस्त्यांत उंदीर सारखेच का नाहीत, हा प्रश्न मुलाच्या मनात उभा राहिला की जीवशास्त्राचा तास संपून नागरिकशास्त्राचा सुरू होतो.

त्याच वाटेने हे संग्रहालय पुढे गेले. १९७० मध्ये लॉर्टन येथील तुरुंगावर प्रदर्शन झाले. वस्तीतील कित्येक कुटुंबांना तो पत्ता पाठ होता. १९७२ मध्ये खुद्द वस्तीचा इतिहास व तिच्या तत्कालीन अडचणी हाच विषय घेतला गेला. किनार्ड १९८९ मध्ये मृत्यू पावला तोवर संचालक होता. संग्रहालय १९८७ मध्ये नव्या इमारतीत गेले आणि २००६ पासून त्याच्या नावात 'समाज' हा शब्द आला.

त्याच सुमाराचे उलटे उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. जानेवारी १९६९ मध्ये तेथील मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या प्रसिद्ध वस्तीवर मोठे प्रदर्शन भरविले. हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. संचालक टॉमस होव्हिंग यांना या श्रीमंत संस्थेचे दार नव्या लोकांना उघडावयाचे होते. दालनांतून हार्लेमची शेकडो छायाचित्रे लागली, ध्वनिमुद्रणे वाजू लागली. जेम्स व्हॅन डर झी या वयोवृद्ध छायाचित्रकाराचे जन्मभराचे काम त्यामुळे जगासमोर आले, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु कलेच्या त्या मंदिरात हार्लेमच्या एकाही चित्रकाराचे चित्र वा शिल्पकाराचे शिल्प ठेवलेले नव्हते. हार्लेम हा पाहण्याचा विषय झाला. निर्मिती करणारा झाला नाही. कलावंत दारापुढे फलक घेऊन उभे राहिले. सूचिपत्राच्या प्रस्तावनेतील मजकुराने ज्यू समाज दुखावला आणि अखेर ते सूचिपत्र मागे घ्यावे लागले. एवढी मोठी संस्था, एवढा खर्च, एवढे विद्वान. पण ज्यांच्याविषयी बोलावयाचे त्यांना बोलू द्यावे, ही गोष्ट नदीपलीकडच्या सिनेमागृहाला साधली ती तिला साधली नाही.

याचा अर्थ मोठ्या व जुन्या संग्रहालयांना हा विषय झेपतच नाही असा नव्हे. १९९२ साली बाल्टिमोर येथील मेरिलँड इतिहास मंडळाने फ्रेड विल्सन या कलावंताला आपले कोठार उघडून दिले आणि हवे ते मांडण्याची मुभा दिली. त्याने बाहेरची वस्तू फारशी आणली नाही. कोठारातलीच बाहेर काढली. एका पेटीत नक्षीकामाची चांदीची सुरई, पेले अशी उंची भांडी होती. त्यांच्याच मधोमध त्याने गुलामांच्या पायांतील लोखंडी बेड्या ठेवल्या. वर पाटी एवढीच : 'धातुकाम, १७९३ ते १८८०.' पाटीतील एक अक्षरही खोटे नव्हते. दोन्ही वस्तू धातूच्या, दोन्ही त्याच काळच्या, त्याच समाजाच्या. पण एक दिवाणखान्यातून दालनात आली होती आणि दुसरी कोठारात पडून होती. शेजारच्या दालनात सुबक खुर्च्या मांडून त्यांच्यापुढे फटके मारण्याचा खांब उभा केला, आणि पाटी लावली ती सुतारकामाची. आणखी एके ठिकाणी तीन अर्धपुतळे होते आणि तीन चौथरे रिकामे होते. पुतळे नेपोलियन वगैरेंचे. रिकाम्या चौथऱ्यांवर नावे हॅरिएट टबमन, बेंजामिन बॅनेकर आणि आपला डग्लस यांची. हे तिघेही त्याच प्रांतात जन्मले, आणि त्यांचे पुतळे त्या मंडळापाशी नव्हते.

मला या प्रदर्शनातील संयम फार शिकविण्याजोगा वाटतो. कोठे घोषणा नाही, कोठे शिव्याशाप नाहीत. पाहणाऱ्याने दोन वस्तू शेजारी पाहाव्यात आणि मधले वाक्य स्वतः जुळवावे. अन्यायाची चर्चा मुलांपुढे कशी करावी म्हणून शिक्षक बिचकतात. कोणाचे मन दुखावेल, कोणता पालक तक्रार घेऊन येईल, ही भीती खोटीही नसते. अशा वेळी शिक्षकाने आपले मत बाजूला ठेवून, 'हे भांडे कोण घासत असेल?' एवढेच विचारावे. उत्तर वर्गातून येते, आणि एका मुलाचे उत्तर दुसऱ्याला पटत नाही तेव्हा खरी चर्चा सुरू होते.

हा वाद अजून मिटलेला नाही. जगातील संग्रहालयांची जी आंतरराष्ट्रीय परिषद १९४६ मध्ये स्थापन झाली, तिच्यापुढे २०१९ च्या सप्टेंबरात क्योटो येथे संग्रहालयाची नवी व्याख्या ठेवण्यात आली. मानवी प्रतिष्ठा, सामाजिक न्याय व जागतिक समता यांना हातभार लावणे हे संग्रहालयाचे उद्दिष्ट होय, असे तीत म्हटले होते. पुष्कळ देशांच्या प्रतिनिधींना हे व्याख्येपेक्षा जाहीरनाम्यासारखे वाटले. शेकडा ७० मतांनी निर्णय लांबणीवर पडला. तीन वर्षे खल झाल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग येथे शेकडा ९२ मतांनी व्याख्या संमत झाली. तीत सर्वसमावेशकता आहे, विविधता आहे, समाजांचा सहभाग आहे. 'सामाजिक न्याय' हे दोन शब्द मात्र नाहीत. ज्यांनी ते गाळले त्यांची बाजूही ऐकण्याजोगी आहे : शंखशिंपल्यांचे वा टपालतिकिटांचे संग्रहालय न्यायाच्या कामी काय उपयोगी पडावे? तथापि किनार्डचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवले तर वाटते की, ज्या दिवशी उंदीर संग्रहालयाचा विषय झाला त्याच दिवशी या आक्षेपातील बराच जोर ओसरला होता.

वर हार्लेमचा उल्लेख आला. त्याच्या अगदी शेजारी कोलंबिया विद्यापीठ आहे. १९१३ साली भीमराव आंबेडकर हे तरुण विद्यार्थी तेथे दाखल झाले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. करारानुसार ते परतून बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, १९१७ मध्ये. राहावयास जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात नाव बदलून त्यांनी काही दिवस काढले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या दहा-बारा माणसांनी त्यांना तेथून संध्याकाळपर्यंत निघून जाण्यास बजावले. ओळखीच्या दोन घरी विचारून पाहिले, दोन्हीकडे निरुपाय. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

ही कामाठी बाग म्हणजेच सयाजी बाग. महाराजांनी १८८७ मध्ये स्थापिलेल्या वस्तुसंग्रहालयाची इमारत या बागेतच १८९४ साली पुरी झाली. देवमाशाचा प्रचंड सांगाडा आणि मिसरची ममी पाहावयास शाळांच्या सहली तेथे येतात. संग्रहालयशास्त्राचे रीतसर शिक्षण देणारा देशातील पहिला विभाग याच शहराच्या विद्यापीठात १९५२ मध्ये सुरू झाला. आंबेडकर ज्या झाडाखाली बसले असे सांगतात त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात, आणि तीही त्याच बागेत आहे. सहलीतील मुलांना ममीपासून त्या झाडापर्यंत चालत नेण्यास तिकीट लागत नाही.